संपातीचे पंख आणि नांदुऱ्याचं ऊन

मे महिन्यात नांदुऱ्याच्या बाजारात दुपारी शुकशुकाट असतो. उन्हाच्या कडाक्याने दुकानदार शटर अर्धं ओढून घेतात. ज्याला जमतं तो लेकराबाळांना घेऊन दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन येतो. नांदुरा समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे मीटरच्या आसपास आहे आणि चिखलदरा अकराशेच्या. म्हणजे उकाड्यापासून सुटका हवी म्हणून आपण सूर्याच्या आठशे मीटर आणखी जवळ जातो, आणि तिथे खरंच गार वाटतं!

आता रामायणातला संपाती आठवा. सीतेच्या शोधात निघालेले वानर समुद्रकाठी हताश होऊन बसलेले असताना हा पंख गमावलेला म्हातारा गृध्रराज त्यांना भेटतो आणि आपली कहाणी सांगतो. तरुणपणीच्या मस्तीत तो आणि त्याचा धाकटा भाऊ जटायू सूर्याच्या दिशेने उडत निघाले. माध्यान्हीच्या उन्हात जटायू होरपळू लागला, तेव्हा संपातीने त्याच्यावर आपले पंख धरले. जटायू वाचला. संपातीचे पंख मात्र जळाले आणि तो विंध्य पर्वतावर येऊन आदळला.

ग्रीकांची गोष्ट याच वळणाची. क्रीट बेटावर राजा मिनोसच्या कैदेत असलेला कारागीर डीडलस पिसं आणि मेण वापरून स्वतःसाठी आणि मुलासाठी पंख बनवतो. मुलगा इकारस बापाचं न ऐकता उंच जातो, सूर्याच्या उष्णतेने मेण वितळतं आणि तो समुद्रात पडतो. आपला हनुमानही लहानपणी सूर्याला फळ समजून झेपावला होता. त्याला ऊन बाधलं नाही, पण इंद्राच्या वज्राचा तडाखा खावा लागला. त्याच हनुमानाची १०५ फूट उंच मूर्ती आज नांदुऱ्यात महामार्गालगत उभी आहे.

संपाती आणि इकारसच्या गोष्टी एकाच समजुतीवर उभ्या आहेत: वर जावं तसं तापत जातं. मग चिखलदरा गार का? आणि भर दुपारी, माणसं सावली शोधत असताना, त्या मूर्तीच्याही कितीतरी वर घारी पंख न हलवता निवांत घिरट्या कशा घालतात? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण म्हणजे आपल्या पायाखालची जमीन.

ऊन वरून, उष्णता खालून

सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. एवढ्या अंतरात आठशे मीटर काय किंवा आठ किलोमीटर काय, सूर्य जवळ आल्याचा परिणाम शून्यच. तेव्हा तो मुद्दा पहिल्यांदा बाजूला ठेवू.

दुसरी गोष्ट अशी की स्वच्छ हवा पारदर्शक असते. सूर्यप्रकाशाचा बराचसा भाग तिच्यातून आरपार जातो आणि जमिनीवर पडतो. जमीन तो शोषून तापते आणि मग तिला टेकलेली हवा तापते. म्हणजे आपल्या डोक्यावरची हवा चुलीवरच्या पातेल्यातल्या पाण्यासारखी आहे. जाळ खाली, तापतो आधी तळ, आणि तळाशी तापलेलं पाणी हलकं होऊन वर उसळतं. वातावरणाचा तळ म्हणजे आपली जमीन. तिथेच राहत असल्यामुळे आपल्याला सर्वांत जास्त झळ बसते.

तळाची तापलेली हवा वर गेली, तर वरचा भागही का तापत नाही? कारण वर हवेचा दाब कमी असतो. वर जाणारी हवा पसरते, पसरायला तिला शक्ती खर्चावी लागते, आणि ती शक्ती ती स्वतःजवळच्या उष्णतेतून काढते. म्हणून ती थंड होते. सायकलच्या टच्च भरलेल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून पाहा. बाहेर सुटणारी हवा बोटाला गार लागते, ती याच कारणाने.

कोरडी हवा अशी एक किलोमीटर वर गेली की जवळपास दहा अंशांनी थंड होते. बाष्प, ढग, ऋतू असा सगळा हिशेब धरला तर वातावरणाची सरासरी निघते किलोमीटरमागे साडेसहा अंश. नांदुरा आणि चिखलदरा यांच्या उंचीतल्या फरकाला लावली तर ही सरासरी पाच-साडेपाच अंश होते. कोरड्या दुपारी फरक त्याहूनही जास्त पडू शकतो.

हाच हिशेब इकारसला लावू. मधमाशांचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. पाच किलोमीटर उंचीवर हवेचं सरासरी तापमान शून्याच्या खाली सतरा-अठरा अंश असतं. तिथे मेण वितळण्याऐवजी कडक होऊन तडकलं असतं. मेणाच्या पंखांना खरा धोका आपल्याकडच्या मे महिन्यात उघड्या पत्र्यावर ठेवण्यात होता!

घार पंख का हलवत नाही

पूर्णेच्या खोऱ्यातली आपली जमीन काळी कापसाची. काळा रंग ऊन जास्त शोषतो, आणि एप्रिल-मेमध्ये वावर उघडं असतं. पऱ्हाटी उपटलेली, नांगरट झालेली, हिरवं पान नाही. शेजारीच एखादी संत्र्याची बाग किंवा पाण्याने भरलेलं शेततळं असेल, तर तिथे उन्हाची बरीचशी शक्ती पाण्याची वाफ करण्यात जाते. उघडं वावर मात्र सगळी उष्णता हवेला देतं. त्यामुळे जमिनीवर काही जागा जास्त तापतात, काही कमी.

जास्त तापलेल्या जागेवरची हवा आजूबाजूच्या हवेपेक्षा हलकी होते आणि पातेल्याच्या तळाशी सुटणाऱ्या बुडबुड्यासारखी उचलली जाते. अशा वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभाला ग्लायडर चालवणारे ‘थर्मल’ म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा पाय मात्र कधीकधी दिसतो. वावरातून भोवरत जाणारी, पालापाचोळा आणि प्लास्टिकच्या पिशव्या उचलून नेणारी वावटळ म्हणजे जमिनीजवळचं थर्मलच. आणि त्याचं डोकंही कधीकधी दिसतं. मे अखेरीस दुपारी कापसाच्या बोंडासारखे सुटे पांढरे ढग जमतात. वर चढलेली हवा इतकी थंड होते की तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होऊन ढग बनतो, म्हणून त्यांतला जवळपास प्रत्येक ढग एकेका थर्मलच्या माथ्यावर असतो.

आता घारीकडे पाहू. पाऊण किलोच्या आसपास वजन आणि जवळपास दीड मीटर पसरलेले पंख. पंख न हलवता तरंगणारी घार खरं तर सतत खाली येत असते. हे लक्षात आलं की अर्धं कोडं सुटतं. तरंगणं म्हणजे अतिशय मंद घसरण. चांगला तरंगणारा पक्षी दहा-पंधरा मीटर पुढे जाताना एक मीटर खाली येतो, म्हणजे सेकंदाला साधारण मीटरभर. पण तो ज्या हवेत घसरतो आहे, ती हवाच सेकंदाला तीन मीटर वर चढत असेल तर? हिशेबाअंती पक्षी सेकंदाला दोन मीटर वर गेला. पाच मिनिटांत सहाशे मीटर, एकदाही पंख न मारता.

घिरट्यांचं कारणही हेच. थर्मलचा घेर मर्यादित असतो. सरळ उडत राहिली तर घार काही सेकंदांत त्यातून बाहेर पडेल, म्हणून ती गोल फिरत त्याच स्तंभात राहते. माथ्यावर पोचली की सरळ घसरत पुढच्या थर्मलकडे निघते. एखाद्या दुपारी नीट पाहिलं तर तिची दुभंगलेली शेपटी सारखी डावी-उजवीकडे कलताना दिसते. तेच तिचं सुकाणू. गिधाडांच्या पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली असतात. पंखाच्या टोकाशी खालची हवा वळून वर येते आणि भोवरा तयार होतो, त्यात पक्ष्याची शक्ती वाया जाते. फाकलेली पिसं तो मोठा भोवरा तोडून लहान-लहान करतात आणि नुकसान कमी होतं.

म्हणूनच घारी-गिधाडं पहाटे अशा घिरट्या घालताना दिसत नाहीत. चिमण्या, बगळे, कावळे उजाडताच कामाला लागतात. गिधाडं जमीन तापेपर्यंत बसून राहतात. संपातीच्या कुळाला वर नेतो तो सूर्यच.

पंख हवेला खाली ढकलतो

थर्मल वर नेतं हे खरं, पण घसरण मंद ठेवण्याचं काम पंखाचं. तो ते कसं करतो? एसटीच्या खिडकीतून तळहात किंचित बाहेर काढून अंगठ्याची कड थोडी वर करा (वाहक पाहत नसताना, आणि समोरून गाडी नसताना). हात आपोआप वर उचलला जातो. तिरका हात समोरून येणारी हवा खाली वळवतो, आणि हवेला खाली ढकललं की हवा हाताला वर ढकलते. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच.

पंखाची वरची बाजू फुगीर असते. हवा त्या बाकाला चिकटून वाहते आणि पंखाच्या मागच्या कडेवरून खाली उतरते. त्यामुळे पंखाच्या वर दाब कमी होतो, खाली तुलनेने जास्त राहतो. दाबातला फरक आणि हवेला खाली वळवणं ही एकाच घटनेची दोन वर्णनं आहेत.

शाळेत अनेकांनी याचं वेगळं उत्तर ऐकलं असेल: वरून जाणाऱ्या हवेला लांबचा पल्ला असतो, खालून जाणाऱ्या हवेला मागच्या कडेशी गाठायचं म्हणून ती वेगाने पळते. हे चूक आहे. दोन्ही हवांना एकमेकींना गाठण्याचं काही बंधन नसतं. प्रयोगात दिसतं की वरची हवा खालच्या हवेच्या आधीच मागे पोचते. शिवाय कागदी विमानाचा पंख दोन्ही बाजूंनी सपाट असतो, तरी ते उडतंच की.

मूर्तीएवढं शरीर, मूर्तीएवढा पंख

सुंदरकांडात हनुमान उड्डाणाआधी आपलं शरीर प्रचंड वाढवतो. महेंद्र पर्वतावर पाय रोवतो तेव्हा पर्वत पिळवटून निघतो, त्यातून पाण्याचे झरे फुटतात. उड्डाणाच्या वेगाने उपटलेली झाडं थोडं अंतर त्याच्यामागे ओढली जातात आणि मग समुद्रात पडतात. वर जायचं तर खाली रेटावं लागतं आणि वेगाने जाणाऱ्या वस्तूच्या मागे हवा ओढली जाते, हे कवीने नेमकं टिपलं आहे. हनुमानाची उडी ही भक्तीची गोष्ट आहे, तिला गणितात बसवण्याचा अट्टाहास नको. पण मोठ्या शरीराला उडणं सोपं की अवघड, हा प्रश्न मात्र पक्ष्यांच्या दृष्टीने जिवाभावाचा आहे आणि तो समजून घ्यायला नांदुऱ्याची मूर्ती सोयीची आहे.

साडेपाच फूट उंचीचा, ६५ किलो वजनाचा माणूस त्याच प्रमाणात १०५ फूट उंच केला, तर उंची वाढते १९ पट. पण शरीर उंचीसोबत रुंदीत आणि जाडीतही वाढतं. म्हणून वजन वाढेल १९ गुणिले १९ गुणिले १९, म्हणजे ६,८५९ पट. ते भरेल सुमारे ४४५ टन. हाडांचा आणि स्नायूंचा जोर मात्र त्यांच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो, आणि ते वाढतं १९ गुणिले १९, म्हणजे ३६१ पटच. प्रत्येक हाडावर आधीच्या १९ पट भार येईल. हाडामांसाचं असं शरीर उभंही राहू शकणार नाही.

पक्ष्यांनाही हा नियम चुकत नाही. आकार वाढला की वजन झपाट्याने वाढतं, पंखांचं क्षेत्रफळ आणि छातीच्या स्नायूंचा जोर मागे पडतो. म्हणून आजचे पंख मारून उडणारे सर्वांत जड पक्षी पंधरा-वीस किलोच्या आतच अडकलेले आहेत. गिधाड पाच-सहा किलोचं. ते उडू शकतं, पण सतत पंख मारत राहणं त्याला परवडत नाही. म्हणून ते थर्मलवर विसंबतं.

मग माणसाचं काय? सराईत सायकलपटूही तासन्‌तास पाय मारत साधारण २०० ते २५० वॅट शक्ती देऊ शकतो. त्यावर घरातले तीन पंखे चालतील. हातांची ताकद त्याहून कितीतरी कमी. पक्ष्यांच्या छातीचे स्नायूच त्यांच्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याएवढे असतात, आपले त्याच्या जवळपासही नाहीत. त्यामुळे हातांना पंख बांधून उडण्याचा डीडलसचा बेत मेण वितळण्याच्या कितीतरी आधी, जमिनीवरच फसला असता.

तरीही ही गोष्ट एकदा खरी करून दाखवली गेली. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या चमूने ‘डीडलस’ नावाचं पायडलवर चालणारं विमान बांधलं. २३ एप्रिल १९८८ रोजी ग्रीक सायकलपटू कॅनेलॉस कॅनेलोपूलोसने ते क्रीटवरून सँटोरिनी बेटापर्यंत नेलं. ११५ किलोमीटर अंतराला पावणेचार तासांपेक्षा थोडा जास्त वेळ लागला. विमानाचं वजन फक्त ३१ किलो होतं, पंखांचा विस्तार मात्र ३४ मीटर, म्हणजे ११२ फूट. नांदुऱ्याची मूर्ती आडवी ठेवली तर तिच्याहून सात फूट जास्त! एका माणसाला स्वतःच्या ताकदीवर उडायचं तर एवढा पंख लागतो. शेवटी किनारा हाताशी आला असताना जोरदार झुळकांनी ते विमान मोडलं आणि वैमानिक पोहत काठाला लागला. या खऱ्या डीडलसला पाडलं वाऱ्याने. सूर्याने त्याचं काही बिघडवलं नाही.

संपातीने सांगितलेले आकाशातले रस्ते

किष्किंधाकांडात संपातीच्या तोंडी एक भाग आहे, त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. समुद्रापलीकडची सीता आपल्याला इथून कशी दिसते हे सांगताना तो कोणता पक्षी किती उंच उडतो याची उतरंडच मांडतो.

चौकट: रामायणातली आकाशाची उतरंड
- पहिला, सर्वांत खालचा रस्ता: चिमण्यांसारखे दाणे टिपणारे पक्षी
- दुसरा: कावळे आणि झाडाची फळं खाणारे पक्षी
- तिसरा: भास, क्रौंच, कुरर
- चौथा: श्येन, म्हणजे ससाण्याच्या जातीचे शिकारी पक्षी
- पाचवा: गिधाडं
- सहावा: बलवान हंस
- त्याच्याही वर: गरुडाची झेप

यात मीटर-किलोमीटर नाहीत, पण निरीक्षण आहे. पहिल्या दोन थरांत कवी पक्ष्यांची ओळख त्यांच्या खाण्यावरून देतो, आणि ते बरोबरच आहे. ज्याचं अन्न जमिनीवर विखुरलेला दाणा, त्याने उंच उडून करायचं काय? ज्याला कुठे तरी मरून पडलेलं जनावर शोधायचं आहे, त्याला जितकं उंच जाईल तितका मुलूख नजरेखाली येतो. उंचावर फिरणारी गिधाडं एकमेकांवरही नजर ठेवून असतात. एक खाली झेपावलं की शेजारचं त्याच्या मागे येतं, त्याच्या मागे तिसरं. संपातीला समुद्रापलीकडचं दिसतं ही अतिशयोक्ती असली, तरी ती कोणत्या पक्ष्याबद्दल करायची याची निवड अचूक आहे.

गिधाडांच्या उंचीची नोंद पाहा. २९ नोव्हेंबर १९७३ रोजी पश्चिम आफ्रिकेत आबीजानच्या आकाशात सुमारे ३७ हजार फुटांवर, म्हणजे ११ किलोमीटरपेक्षा वर, एका प्रवासी विमानाच्या इंजिनात एक पक्षी ओढला गेला. उरलेल्या पिसांवरून ते रुपेल जातीचं गिधाड असल्याचं ठरलं. पक्ष्याच्या उड्डाणाची ही आजवरची सर्वांत मोठी उंची मानली जाते. तिथलं तापमान उणे चाळीस अंशांच्याही खाली असतं. खऱ्या संपातीसमोर प्रश्न पंख गोठण्याचा होता.

आणि गिधाडांच्याही वर हंस? हे आधी विचित्र वाटतं. पण मध्य आशियातून आणि तिबेटकडून हिमालय ओलांडून दर हिवाळ्यात भारतात येणारा पट्टकदंब हा हंसांच्याच जवळचा पक्षी आहे. पैठणजवळचा जायकवाडीचा जलाशय किंवा उजनीचं भिगवण इथे तो पाहता येतो. पाठीवर उपकरणं बसवून घेतलेल्या नोंदींत काही पट्टकदंब सात हजार मीटरहून उंच गेलेले आढळले. रामायणातला हंस म्हणजे हाच पक्षी, असा दावा करायचं कारण नाही. पण प्रवासी हंसकुळाला गिधाडांच्या वरचा रस्ता देणाऱ्याने आकाशाकडे मन लावून पाहिलं असणार.

पट्टकदंबाचं तंत्र गिधाडाच्या अगदी उलट. तो थर्मलची वाट पाहत नाही, सतत पंख मारत जातो. कवीने नेमकं हंसालाच बलवान म्हटलंय! उंचावर हवा विरळ, म्हणून पंखाला रेटायला हवा कमी आणि श्वासाला प्राणवायूही कमी. पट्टकदंबाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायू घट्ट धरतं आणि त्याची फुप्फुसंही मोठी असतात. शिवाय डोंगर ओलांडायला तो बहुतेक वेळा रात्र किंवा पहाट निवडतो. तेव्हा हवा थंड, म्हणून दाट असते, आणि पंखाला चांगला आधार मिळतो. एकाला दुपार हवी, दुसऱ्याला रात्र. दोघांचंही वेळापत्रक ठरतं ते सूर्यावरच.

पोथीतलं विमान आणि चौपाटीची गोष्ट

पुराणं आणि उड्डाण म्हटलं की मराठी माणसाला शिवकर बापूजी तळपदे (१८६४–१९१६) आठवतातच. त्यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडवलं, म्हणजे राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, असं सांगितलं जातं. ते उडाल्याचा त्या काळातला खात्रीचा पुरावा पुढे आलेला नाही. या चर्चेत ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचं नाव घेतलं जातं, त्याची तपासणी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी केली आणि १९७४ साली निष्कर्ष मांडले. हा ग्रंथ प्राचीन नसून १९०० ते १९२२ या काळात रचला गेला आणि त्यात वर्णन केलेलं एकही विमान उडू शकणार नाही, असं त्यांना आढळलं.

तळपद्यांची जिद्द कमी लेखायचं कारण नाही. पण आपल्या जुन्या ग्रंथांची थोरवी विमानाच्या नकाशात शोधली तर पदरी निराशा येते, आणि पक्ष्यांच्या उतरंडीसारखं खरं धन हातचं जातं. राइट बंधूंनी काय केलं? विल्बर राइटने ‘बझर्ड’ म्हणून ओळखली जाणारी अमेरिकेतली गिधाडं न्याहाळली. झोत आला की ती पंखांची टोकं किंचित पिळून तोल सावरतात, हे त्याच्या ध्यानात आलं आणि विमान कलतं-सावरतं ठेवण्याची युक्ती त्यातून निघाली. १७ डिसेंबर १९०३ रोजीचं त्यांचं पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं होतं. नांदुऱ्याच्या मूर्तीच्या उंचीहून जेमतेम पंधरा फूट जास्त. वाल्मीकी आणि विल्बर यांच्यात साम्य असेल तर ते एवढंच, की दोघांनीही मान वर करून गिधाडाकडे पाहिलं.

मग पंख जळाले कशाने?

आज नांदुऱ्याच्या आकाशात घारी दिसतात. गिधाडांचा थवा दिसणं दुर्मीळ. पन्नाशी ओलांडलेल्या माणसांना गावाबाहेर मेलेल्या ढोरावर उतरणारी गिधाडं आठवतात. १९९०च्या दशकात ती देशभर झपाट्याने नाहीशी झाली. पांढऱ्या पाठीचं, लांब चोचीचं आणि बारीक चोचीचं अशा तीन जातींची संख्या पंधरा-एक वर्षांत ९७ टक्क्यांहून जास्त घटली.

कारण उघड झालं २००४च्या सुमारास. जनावरांची सूज आणि वेदना कमी करायला डायक्लोफेनॅक हे स्वस्त औषध सर्रास टोचलं जात होतं. ते टोचल्यानंतर लवकरच मेलेलं जनावर गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी होतं, बाहेर न पडलेलं युरिक आम्ल आतल्या अवयवांवर खडूच्या भुकटीसारखं साचतं आणि काही दिवसांत पक्षी मरतो. थव्याने खाणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत एक विषारी ढोर म्हणजे अख्ख्या पंगतीला विषबाधा.

२००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या म्हणून २०१५ साली ३ मिलिलिटरपेक्षा मोठ्या कुप्यांवर बंदी आली. २०२३ साली जनावरांसाठीच्या किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवरही. हरियाणातल्या पिंजोर इथल्या केंद्रात गिधाडांची पैदास केली जाते. तिथली काही गिधाडं निसर्गात सोडण्यासाठी २०२४ साली ताडोबा आणि पेंचला आणण्यात आली. पण गिधाडं सोडली तरी ती जगणार तेव्हाच, जेव्हा त्यांच्या वाट्याला येणारं ढोर विषारी नसेल.

याची गुरुकिल्ली दिल्लीपेक्षा गोठ्यात जास्त आहे. बैल लंगडला, गाय तापली की डॉक्टरांना एवढंच विचारायचं: “मेलॉक्सिकॅम चालेल का?” ते औषध सूज उतरवतं आणि गिधाडांना अपाय करत नाही. त्याचा पेटंटचा काळ संपला आहे आणि ते सहज मिळतं. औषध टोचल्यानंतर जनावर दगावलंच, आणि कोणतं औषध दिलं होतं याची खात्री नसेल, तर ते उघड्यावर न टाकता पुरून टाकायचं.

थोडक्यात
- वर गेलं की थंडी वाढते, कारण हवा तापते ती तळाच्या जमिनीमुळे, आणि वर चढणारी हवा पसरून थंड होते. सरासरी किलोमीटरमागे साडेसहा अंश.
- काळी उघडी जमीन जास्त तापते, तिथून उष्ण हवेचे स्तंभ वर उठतात. घारी-गिधाडं त्यांतून पंख न मारता उंची गाठतात.
- पंख हवेला खाली वळवतो, हवा पंखाला वर ढकलते.
- आकार वाढला की वजन ताकदीपेक्षा वेगाने वाढतं. म्हणून माणसाला स्वतःच्या बळावर उडायला ११२ फुटी पंख लागला.
- रामायणातली पक्ष्यांची उतरंड हे बारकाईचं निरीक्षण आहे. ‘वैमानिक शास्त्र’ मात्र विसाव्या शतकातलं आहे.
- गिधाडं घटली ती डायक्लोफेनॅकमुळे. जनावरांसाठी सुरक्षित पर्याय मेलॉक्सिकॅम.